हाळी

"चक्कर येऊन पडलात का कधी? डोळ्यांपुढं अंधारी? दोन-चार सेकंद काही कळलंच नाही, असं?" मगदूम मॅडमनी विचारलं.

"छे हो," दाजी म्हणाले. "मला आन् चक्कर? सत्तर फूट विहिरीच्या काठावर पाय सोडून मी भाकरी खातो, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. टेबलावर ईसीजीची गुलाबी पट्टी पसरली होती. तिच्यावर पेनानं दोन-तीन ठिकाणी गोल केले होते. त्यांनी पट्टीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही कोण यांचे?"

"मेव्हणा. मलकारी धोत्रे. ह्यांच्याच यारीवर खोदकामाला असतो."

"म्हणजे दिवसभर बरोबर असता. मग तुम्हीच सांगा."

टेबलाखाली दाजींचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि तिथंच दाबून राहिला. सकाळी निघताना अक्कानं मला गोठ्यापाशी बाजूला घेऊन बजावलं होतं, "मल्क्या, हे काय धड बोलायचे न्हाईत. तू खरं सांग. माझी शपथ हाय तुला."

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "कधीच न्हाई."

ह्याला आता सोळा वर्षं झाली. त्या खोलीतला पंखा, कोपऱ्यातलं वजनाचं यंत्र, मॅडमच्या हातातलं निळं पेन, सगळं डोळ्यांपुढं आहे. बाकी मी विसरभोळा माणूस. बायको बाजारातून चार जिनसा आणायला सांगते, तर मी दोन आणतो.

यारी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. विहीर खोदायची क्रेन. वर काठावर डिझेलचं इंजिन, तारेचा दोर गुंडाळायचा ढोल आणि दोराच्या टोकाला लोखंडी बकेट. फोडलेला दगड त्याच बकेटीतून वर जातो, माणसंही त्याच बकेटीतून खाली उतरतात आणि वर येतात. वर बसलेल्या यारीवाल्याचा एक हात दांड्यावर असतो आणि एक पाय ब्रेकवर. हात सुटला आणि पाय ढिला पडला, की बकेट दगडासारखी खाली येते. मधे अडवायला काही नसतं.

आणि यारीवाल्याला खालचं काही दिसत नाही. म्हणून आमच्या टोळीत हाळीची रीत होती. बकेट हलली की वरून दाजी हाळी द्यायचे, "हां रेऽऽ!" आणि खालून आम्ही म्हणायचो, "हांऽऽ!" बकेट थांबेपर्यंत हे चालू. दाजींचा आवाज असा, की इंजिनाच्या धडधडीवरून खणखणीत तळापर्यंत पोचायचा. हाळी तुटली की खालच्यानं हातातलं टाकून कपारीला चिकटायचं. ही रीत दाजींच्या वडिलांची. त्यांच्या हाताखाली एक माणूस कधी दगावला नाही, असं दाजी छाती काढून सांगायचे.

त्या वर्षी होळीनंतर हाळी तुटायला लागली. पहिल्यांदा तुटली तेव्हा मी वर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "ठसका लागला रे." खरंच वाटलं. खोकला होताच त्यांना. वर्षभर होता. तालुक्याच्या एका डॉक्टरनी फोटो काढला, छातीत गाठी दिसल्या, मग क्षय म्हणून नऊ महिने गोळ्या खाल्ल्या. गोळ्या संपल्या, खोकला राहिला. डोळे मात्र लाल व्हायला लागले, उजेड सहन होईना. नडगीवर लाल-निळ्या गाठी उठल्या. अक्का म्हणाली, नजर लागली. तिनं मिरच्या ओवाळून टाकल्या आणि मग मुकाट्यानं शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला.

दुसऱ्यांदा हाळी तुटली, तेव्हा मी वर काठावरच होतो. डोळ्यांनी बघितलं. दाजींची मान एकदम छातीवर पडली. मी "दाजी!" म्हणेपर्यंत वर आली. तोंड चुन्यासारखं पांढरं. बकेटीत दगड होते, माणूस नव्हता.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "अक्काला तर न्हाईच."

"दाजी, अहो पण..."

"यारीवर मी न्हाई बसलो तर कोण बसणार? तू? ही टोळी कशावर जगती?"

ते खरंच होतं. दाजींशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्या दांड्यावर बसत नव्हता.

तर मॅडमनी माझं उत्तर ऐकलं, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि दाजींना म्हणाल्या, "मला वाटतं हा क्षय नव्हताच. सारकॉइडोसिस म्हणून एक आजार असतो."

"सार... काय?"

"नाव राहू दे. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्या उगाचच, समोर शत्रू नसताना जमतात आणि बारीक गाठी करतात. फुप्फुसात करतात, डोळ्यांत, कातडीवर. तुमच्या सगळ्या खुणा तशा आहेत. त्याची मला एवढी भीती नाही. भीती हृदयाची आहे."

"हृदय ठणठणीत हाय माझं."

"हृदयाच्या वरच्या कप्प्यातून दर ठोक्याला खाली निरोप जातो, की आता आवळ. तुमचा निरोप वाटेत रेंगाळतोय, हे या पट्टीत दिसतंय. त्या वाटेवर गाठी झाल्या असतील, तर एखाद्या वेळी निरोप खाली पोचणारच नाही. खालचा कप्पा वाट बघत थांबून राहील. माणूस तिथल्या तिथं पडतो. कधी उठतो, कधी नाही."

मॅडमना यारी ठाऊक नव्हती, पण त्या जे सांगत होत्या ते मी महिनाभर विहिरीच्या तळाशी उभा राहून ऐकत होतो.

"पडला असतात, तर तुम्हाला आत्ताच्या आत्ता भरती करून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "नाही म्हणताय, तर आज चोवीस तासांचं यंत्र लावते. उद्या दुपारी आणून द्या. मग हृदयाचा एमआरआय करू. आणि तोवर यारी नाही. गाडी चालवायची नाही, झाडावर चढायचं नाही, काही नाही. कळलं?"

"कळलं मॅडम," दाजी शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

मी तेव्हासुद्धा बोलू शकलो असतो. खुर्चीतून उठता उठता, दारात, कुठंही.

आत नेऊन त्यांच्या छातीवरचे केस काढले, पाच वायरी चिकटवल्या आणि कमरेला तंबाखूच्या डबीएवढं यंत्र बांधलं. नर्सनं मला एक छापील कागद दिला. कोणत्या वेळी पेशंट काय करत होता, कसं वाटत होतं, ते त्यात लिहायचं. दाजींचं शिक्षण दुसरीपर्यंत, मी दहावी नापास, म्हणून लिहिणं माझ्याकडं. 

परतीच्या एस.टी.त दाजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मिरज मागं पडली तसे म्हणाले, "उद्या बिराजदारांच्या विहिरीवर जायचं."

"दाजी, मॅडमनी सांगितलंय..."

"अरे, घरात लोळून यंत्राला काय दिसणार? यारीवर बसल्यावर हृदय कसं चालतंय ते बघू दे की त्या बाईला! पाणी लागायला परसभर, एक माणूसभर खोदायचं राहिलंय. उद्याचा दिवस, मग म्हणशील तर महिनाभर झोपतो."

मला ते पटलं, असं नाही. पण मी वाद घातला नाही. उलट गाडीतच गुडघ्यावर कागद ठेवून मी उद्याचा सगळा दिवस लिहून टाकला. आठ वाजता न्याहारी. नऊ ते अकरा, घरात बसून. अकरा चाळीस, जेवून आडवे. आदल्या दिवशीच! उद्या चिखलाच्या हातानं कुठं लिहीत बसायचं, हा माझा विचार.

घरी अक्का दारातच उभी होती. 

"सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तिनं देवाकडं बघून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं विहिरीवर होतो. वर दाजी. खाली मी आणि सिदरामतात्या. तात्या म्हणजे आमच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस, साठीला आलेला, कंबर वाकलेली, जीभ मात्र ताठ. दाजींच्या सदऱ्याखाली यंत्र बघून म्हणाले, "यल्लाप्पा, पोटाला रेडिओ बांधलायस व्हय? मग बातम्या तरी लाव की!"

"लावतो. आधी हवामान ऐका. तात्या आज दिवसभर बडबडणार, असं सांगतायत," दाजी म्हणाले, आणि सगळे हसलो.

टोळीचा नियम होता, सकाळी जो आधी उतरेल तो जेवणाला आधी वर येईल. त्या दिवशी आधी मी उतरलो. खाली गुडघाभर चिखल होता आणि काळा कातळ. तात्या पहार मारत होते, मी दगड भरत होतो. बकेट वर जात होती, रिकामी होऊन खाली येत होती. वरून हाळी, खालून हाळी. आभाळ वर ताटाएवढं दिसत होतं.

साडेअकरा झाले असतील. इंजिनाचा आवाज जरा उतरला आणि दाजी ओरडले, "या रे वर! भाकरी खाऊ!"

बकेट येऊन माझ्या गुडघ्यापाशी चिखलात टेकली. मी दोराला हात लावला आणि सोडला.

"तात्या, तुमची कंबर धरलीय. तुम्ही व्हा पुढं."

"अरे, तुझी पाळी..."

"असू द्या हो. बसा."

"देव तुझं भलं करो, पोरा," म्हणत तात्या एकेक पाय उचलून बकेटीत चढले. बकेट सुटली. "हां रेऽऽ!" वरून दाजी. "हांऽऽ!" तात्या. मी सरकत सरकत मागच्या कपारीला गेलो.

वीसेक फूट बकेट चढली. "हां रेऽऽ!" "हांऽऽ!"

मग वरून काही आलं नाही.

तात्यांनी पुन्हा स्वतःहून हाळी दिली. "हां रे यल्लाप्पा?" त्या हाळीत जरासा प्रश्न होता, बस. पुढं ढोल सुटल्याचा आवाज आला, घर्रर्र करून, आणि मी डोळे मिटून घेतले. बकेट आदळली तेव्हा सगळा चिखल माझ्या अंगावर उडाला.

डोळे उघडले तर तात्या बकेटीच्या बाहेर अर्धे, आत अर्धे. डावा पाय मांडीपासून भलतीकडंच वळलेला. ते ओरडत नव्हते. तोंड उघडं, नजर वर. मी "दाजीऽऽ" म्हणून बोंब मारली. मग वरून एक बारीक, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला, "काय झालं रे? मल्क्या? काय झालं?"

बिराजदारांच्या माणसांनी दोर सोडून आम्हाला वर काढलं आणि त्यांच्या जीपमधून तात्यांना त्याच शहरात, त्याच दवाखान्यात नेलं. दाजी मागं माझ्या शेजारी बसले होते. वाटभर त्यांनी तात्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि एकच बोलत होते, "माझा पाय कसा सुटला? माझा पाय कसा सुटला रे?"

मॅडमनी आम्हाला बाकावर बसलेलं बघितलं. त्यांनी काही न विचारता दाजींच्या कमरेचं यंत्र काढून घेतलं, माझ्याकडचा तो छापील कागदही घेतला. अर्ध्या तासात दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन पळत आली आणि दाजींना उचलून आत घेऊन गेली. त्याच संध्याकाळी मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत तार सोडून बाहेरून ठोके द्यायला सुरुवात केली. 

मला त्यांनी खोलीत बोलावलं. टेबलावर लांबलचक कागद होता आणि शेजारी मी लिहिलेला तक्ता.

"हे अक्षर तुमचं?"

"होय."

त्यांनी कागदावर पेन टेकवलं. उड्या मारत चाललेली रेघ तिथं सपाट झाली होती. विहिरीच्या तळाला पाणी थांबतं तशी, एक लाट नाही. "अकरा एकेचाळीस. अकरा सेकंद हृदय थांबलंय. तुमच्या तक्त्यात ते त्या वेळी जेवून आडवे झालेत."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काल मी तुम्हालाच विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी कागद थोडा मागं ओढला. "आणि हे एक बघा. दहा पन्नास. पाच सेकंद. इथं ते पूर्ण बेशुद्ध झाले नसतील, क्षणभर अंधारी आली असेल. हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसेल."

"नसेल," मी म्हणालो.

पुढचं सगळं मॅडमनी निगुतीनं केलं. घशातून दुर्बीण घालून छातीतल्या गाठीचा तुकडा काढला. क्षयाचा जंतू नव्हता. त्यांनी सांगितल्या तशाच गाठी होत्या. एमआरआयमध्ये हृदयाच्या पडद्यावर डाग दिसले. साधा पेसमेकर पुरणार नाही म्हणाल्या, ठोके भरकटले तर धक्का देणारं यंत्र हवं. ते डाव्या खांद्याखाली बसवलं. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज सकाळी, पोट भरल्यावर. "बरं वाटलं म्हणून एक दिवसही बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तशा कमी करायच्या," असं त्यांनी अक्काला तीनदा वदवून घेतलं. मला नाही सांगितलं.

यंत्र बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दाजींजवळ बसलो होतो. अक्का खाली औषधं आणायला गेली होती.

"मल्क्या," दाजी छताकडं बघत म्हणाले. "त्या दिवशी आधी तू उतरला होतास."

"होय."

"मग वर आधी तात्या कसे?"

ते बराच वेळ थांबले, हाळीला उत्तर यायची वाट बघावी तसे.

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडं वळले. त्यानंतर आजतागायत त्यांनी तो विषय काढला नाही.

दाजी जगले. गोळ्यांनी तोंड असं गोल गरगरीत झालं, की लोक म्हणायचे, "यल्लाप्पा, सासुरवाडी मानवली वाटतं!" मग साखर वाढली, तिची वेगळी गोळी. डोळे निवळले, खोकला गेला. गोळ्या कमी होत होत आता एक बारीकशी उरली आहे, शिवाय आठवड्यातून एकदा घ्यायची दुसरी. तिसऱ्या वर्षी शेताच्या बांधावर खांद्याखालच्या यंत्रानं धक्का दिला. घोड्यानं लाथ मारली म्हणाले. पण उठून चालत घरी आले. यारी मात्र गेली. ती विकली त्या दिवशी दाजी घराबाहेर आले नाहीत. आता अक्काच्या शेळ्या राखतात. शेळ्यांनासुद्धा हाळी देत नाहीत.

सिदरामतात्यांचा खुबा आणि मांडी दोन्ही मोडली होती. सळई घातली, पण पाय चार बोटं आखूड झाला. कुबडीशिवाय उभं राहता येत नाही. विहिरीत पुन्हा उतरले नाहीत. दाजींवर त्यांनी राग धरला नाही. "काळीज थांबलं त्याचं, तो काय करणार?" म्हणतात.

दर महिन्याला मी त्यांच्याकडं जातो. गेल्या रविवारी गेलो, तर तिथं त्यांच्या मुलाचे कुणी पाहुणे बसले होते. तात्यांनी मला हाताला धरून जवळ बसवलं आणि नेहमीची गोष्ट सुरू केली. 

"हा बघा आमचा मलकारी. त्या दिवशी पाळी ह्याची होती. माझी कंबर बघून ह्यानं मला पुढं पाठवलं. आता माझं नशीब फुटकं, त्याला हा काय करणार? पण मन बघा पोराचं! सुनबाई, ह्याच्या चहात साखर जास्त घाल."

पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

आता सांगतो. त्या दिवशी दहा पन्नासला बकेट दगड घेऊन वर निघाली होती. तात्या वाकून पहार मारत होते, त्यांना पत्ता लागला नाही. वरून हाळी आली नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. बकेट अधांतरी जराशी खाली सरकली, थांबली, आणि मग "हां रेऽऽ" आलं. मी मोजलं होतं. मॅडमचं यंत्र मोजत होतं तसंच मोजलं होतं. आणि पाऊण तासानं बकेट माझ्या गुडघ्यापाशी टेकली, तेव्हा तिच्यात बसायची माझी छाती झाली नाही. मी भ्यालो. म्हाताऱ्याच्या कमरेचा मला विचारसुद्धा आला नव्हता.

हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. चहा बशीत ओततो, पितो, उठतो. तात्या कुबडी टेकत उंबऱ्यापर्यंत येतात. नजर अधू झाली आहे, रस्त्यावरचं नीट दिसत नाही. मी वळणाशी पोचलो असेन असा अंदाज घेऊन ते मागून ओरडतात, "हां रेऽऽ!"

उत्तर आल्याशिवाय ते आत जात नाहीत. मी थांबतो आणि "हांऽऽ" म्हणतो.